दारात उभा राहणारा हरेश

मंगळवारची सकाळ होती. डब्यासाठी भेंडी परतत होते, तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर समोर मनवा, हरेशची मुलगी. केस कसेबसे बांधलेले, पायात दोन वेगळ्या जोड्यांच्या चपला, आणि मागे जिन्यात तिचा मामेभाऊ. मी म्हटलं, "अगं, ये ना आत, एवढ्या सकाळी कशी?" ती म्हणाली, "नाही मावशी, बसत नाही." तिचा चेहरा बघून मी पाणी आणायला वळले, तर म्हणाली, "पाणीपण नको..." आणि मला कळलं. तिने पुढचं वाक्य बोलायच्या आधीच कळलं, कारण ही रीत मला तिच्या बापानेच सांगितली होती. मरणाची खबर देणारा माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही, पाणी घेत नाही, बसत नाही. सांगतो आणि पुढच्या घरी जातो. "पहाटे गेले बाबा. झोपेतच. आई म्हणाली, मावशीला फोन नको करूस, जाऊन सांग." एवढं बोलून पोर जिना उतरून गेली. मी दार धरून उभी राहिले. भेंडी करपल्याचा वास आला तेव्हा आत गेले.

हरेशला जाऊन आता दोनेक महिने होतील. कंपनीने शोकसभा घेतली. ऑनलाइन. ज्यांनी बोलायचं त्यांचे माइक बंद होते आणि एकाचा नको तेव्हा चालू राहिला. बोलले सगळे चांगलंच. साधा डेव्हलपर म्हणून सुरुवात, मग टीम लीड, मग प्रोजेक्ट मॅनेजर, आणि शेवटी टेक्नॉलॉजी कन्सल्टिंगमधला मोठा अधिकारी. एकेक पायरी कशी चढत गेला, वगैरे. मी टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, हा माझा जन्मभराचा धंदा. त्यामुळे त्या भाषणांतही मला चूक दिसली. मला माहीत असलेला हरेश पायऱ्या चढायचा तो कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहायला. हे त्या सभेत सांगावंसं वाटलं होतं, पण माझा माइक बंद होता तो मी बंदच ठेवला.

आमची ओळख वाशीच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत झाली. तो कोड लिहायचा, मी त्यातल्या चुका शोधायची. असं नातं म्हणजे साप-मुंगसाचं. बाकीचे डेव्हलपर मी काढलेल्या चुकीखाली 'आमच्याकडे असं होत नाही' एवढं लिहून मोकळे व्हायचे. हरेश मात्र उठून माझ्या टेबलापाशी यायचा. "मॅडम, ती चूक माझीच आहे. संध्याकाळपर्यंत नीट करतो." मी म्हणायची, "अहो, बसा ना." तो म्हणायचा, "बसत नाही." सुरुवातीला मला तो शिष्ट वाटला. पुढे आम्ही अरे-तुरे करायला लागलो, तरी त्याचं 'मॅडम' काही सुटलं नाही आणि 'बसत नाही'सुद्धा. मी पनवेलच्या खांदा कॉलनीत राहायला आले, त्याने जवळच घर घेतलं, आणि रविवारी सकाळी भाजी घेऊन परतताना तो आमच्या दारात थांबायला लागला. पिशवी खाली ठेवायची, डावा खांदा चौकटीला टेकायचा, "बसत नाही" म्हणायचं, आणि तिथंच चांगला तासभर बोलत राहायचं. चहासुद्धा उंबऱ्यावरून हातात. त्याच्या खांद्याने चौकटीच्या पांढऱ्या रंगावर एक तेलकट डाग पडला. माझे यजमान, प्रकाश, त्या डागाला 'हरेशचं ऑफिस' म्हणायचे.

हे न बसणं कुठून आलं ते मला कळलं त्याच्या बहिणीच्या हळदीला. आम्ही ऑफिसातले सगळे त्याच्या गावी गेलो होतो. गाव खाडीकाठी, उरणच्या बाजूला. पुढच्या काळात त्याच्या शेजारून रुंद रस्ते गेले, पलीकडे विमानतळ आला. तेव्हा मात्र मिठागरांचे शेवटचे बांध दिसायचे. हरेशचे वडील दामूबाबा जन्मभर मिठागरात राबलेले. पण गावात त्यांची ओळख वेगळीच होती. लग्नकार्य कुणाचंही असो, घरोघरी जाऊन आवतण द्यायचं ते दामूबाबांनीच. कुणाच्या घरी आधी जायचं, कुणाच्या नंतर, कुठल्या भावकीत थोरल्याला सांगितल्याशिवाय धाकट्याच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, हा सगळा मान त्यांच्या डोक्यात पक्का. एक घर चुकलं की ते घर रुसलंच. मग तो रुसवा काढायला कार्यवाल्याने नारळ घेऊन त्यांच्या दारात जायचं. छोटा हरेश बापाचं बोट धरून दारोदार फिरलेला. हळदीच्या गोंगाटात, डीजेच्या वरताण आवाज काढून दामूबाबांनी मला सांगितलं होतं, "आवतान द्याचा असल तर बसाचा नाय, बाय. एके घरान बसलास का बाकीची घरा रुसतान." आणि मग लेकाकडे बघत म्हणाले, "माजा जलम गेला लोकांच्या दारान उभा रावून. ह्यो आता खुर्चीन बसल."

ते वाक्य हरेशने फार मनावर घेतलं होतं. बापाला दाखवायचं होतं की बघा, बसलो खुर्चीत आणि काहीतरी केलं. डेव्हलपर होता तोवर ते सोपं होतं. बंदराकडच्या एका कंटेनर यार्डासाठी त्याने फाटकावरची व्यवस्था लिहिली. ट्रक आला की नंबर टाकायचा, पावती बाहेर. तो बापाला मोटारसायकलवर बसवून मुद्दाम तिथं घेऊन गेला. मशिनातून कागद सरसर बाहेर आला. दामूबाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, "ह्यो तू केलास?" असं विचारलं आणि घरी नेऊन देव्हाऱ्यापाशी ठेवला. हे सांगताना त्या दिवशी हरेश माझ्या टेबलापाशी इतका वेळ उभा होता की शेवटी मीच म्हटलं, "जा आता, काम कर." एवढा खूश मी त्याला नंतर क्वचितच पाहिला.

आपल्याकडे चाळिशी जवळ आली की लोक विचारतात, "अजून कोडच लिहितोस?" जणू काही पोरगा अजून पाटीवर अक्षरं गिरवतोय. हरेशलाही सगळ्यांनी तेच विचारलं. मग एका कन्सल्टिंग कंपनीत मॅनेजर म्हणून बोलावणं आलं आणि तो गेला. वर्षभराने मलाही ओढून घेतलं. त्याच्या हुद्द्याचं नाव एका ओळीत मावत नव्हतं. मी चिडवायची, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." तो हसायचा. पण काम बदललं होतं. आता तो काही लिहीत नव्हता. लोकांनी काय लिहावं, कुठल्या कारखान्यात कुठली व्यवस्था बसवावी, जुनी कधी बंद करावी, हे ठरवायचं. दामूबाबांनी एकदा विचारलं, "आता काय करतंस?" तो म्हणाला, "लोकांना सांगतो, काम कसं करायचं." बाबांनी जरा विचार करून विचारलं, "आनि करतंय कोन?" हा किस्सा त्याने आमच्या दारात हसून हसून सांगितला. प्रकाशही पोट धरून हसले. मग गप्प झाल्यावर तो म्हणाला, "खरंच मॅडम, दाखवू काय त्यांना? मिठागरात दिवस संपला की ढीग दिसायचा. माझा ढीग कुठाय?" त्यानंतर कितीतरी रविवारी तो गमतीने म्हणायचा, "एखादं फंक्शन दे ना गं लिहायला. कोडच्या चार ओळी, छोटंसं. कुणाला सांगणार नाही." तो गमतीत म्हणत नव्हता, हे मला कळत होतं.

आणि गंमत अशी की त्याचा ढीग वाढतच होता, फक्त त्याला तो दाखवता येत नव्हता. तळोज्याला औषधांच्या एका गोदामात आमची नवी व्यवस्था बसवायची होती. मी ती महिनाभर तपासली. स्वतःची स्तुती नको, पण त्यात टाचणीएवढीही चूक नव्हती. अमुक दिवसापासून सुरू, असं सगळ्यांना एकदम मेल गेलं. सुरू झालं आणि कुणी वापरेचना. डिस्पॅचमधली माणसं जुन्याच पद्धतीने माल पाठवत राहिली. विचारलं की म्हणायची, "नेट स्लो आहे." वरून दट्ट्या आला, ट्रेनिंग पुन्हा झालं, तरी नेट स्लोच. हरेश दोन दिवस तिथं नुसता फिरला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, नेट नाही. घर रुसलंय." डिस्पॅचच्या प्रमुख सुलभाताई. तो विभाग त्यांनी शून्यातून उभा केलेला, आणि तो बदलणार हे त्यांना कळलं ते कालच लागलेल्या पोरांबरोबर, त्याच मेलमधून. हरेश बाहेर गेला आणि चक्क नारळ घेऊन आला. सूट घातलेला, गळ्यात कंपनीचा पट्टा, हातात शेंडीचा नारळ! आमच्यातली तरुण मुलं तोंडावर हात धरून हसत होती. तो सुलभाताईंच्या केबिनच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, तुमच्याकडे आधी यायला हवं होतं. आमची चूक झाली. आता तुम्ही म्हणाल तेव्हा सुरू करू." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग उठल्या, पदर पुढे घेऊन नारळ घेतला आणि म्हणाल्या, "बसा, चहा मागवते." तो म्हणाला, "बसत नाही ताई. अजून स्टोअर्सला सांगायचंय." पुढच्या आठवड्यात नेट एकदम फास्ट झालं.

त्यानंतर आमच्यात तो नियमच झाला. आधी आवतण, मग मेल. कुठल्याही कंपनीत गेलो की हरेश पहिले काही दिवस संगणक उघडायचा नाही. इथं मान कुणाचा, कुणाच्या कानावर आधी जायला हवं, कोण कुणावर कधीपासून रुसलंय, हे बघत फिरायचा. कंपनीच्या कामाच्या तक्त्यात या फिरण्याला रकाना नव्हता. त्यावरून वरचे साहेब कुरकुरायचे. पण त्याची कामं पार पडायची आणि इतरांची अडायची, म्हणून चालवून घ्यायचे. एकदा मी विचारलं, "अरे, हे बाबांना सांग ना. त्यांना किती बरं वाटेल." तर त्याचा चेहराच पडला. "काय सांगू? त्यांनी मला एवढं शिकवलं ते खुर्चीत बसावं म्हणून. आणि मी सूट घालून परत दारोदार आवतणंच देत फिरतो, असं सांगू?" मी वाद घातला. तो ऐकेना. या बाबतीत तो कोकणातल्या फणसासारखा होता, एकदा चीक लागला की सुटायचा नाही.

मग एक काम असं आलं की त्याने तो फार थकला. आमचाच एक विभाग बंद व्हायचा होता. बऱ्याच जणांना जावं लागणार होतं. वरून सूचना अशी की सगळ्यांना एकाच वेळी मेल जाईल. हरेश भांडला, आणि आदल्या दिवशी स्वतः एकेकापाशी जाऊन सांगायची परवानगी मिळवली. त्या दिवशी मी त्याला काचेपलीकडून पाहत होते. एका टेबलापाशी उभा राहायचा, वाकून हळू काहीतरी बोलायचा, समोरच्याचं ऐकून घ्यायचा, कधी शिव्याही, आणि पुढच्या टेबलाकडे जायचा. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली तर त्याने हात जोडून नको म्हटलं. त्या रविवारी दारात उभा राहून म्हणाला, "वाईट खबरही जाऊनच सांगतात गं आमच्यात. पाणीसुद्धा घेत नाहीत त्या घरचं. पण गावात कुणी मरतं ते म्हातारपणाने, नाहीतर आजाराने. इथं मारणाराही मीच आणि सांगायला जाणाराही मीच." मी चहा दिला. तो त्याने घेतला.

त्यानंतर तो कमी बोलायला लागला. पुन्हा कोड लिहायचं म्हणायचा, पण आता गमतीने नाही. गावच्या घरी वरच्या खोलीत टेबल टाकायचं, एखादं छोटंसं काम घ्यायचं, बापासमोर बसून करायचं. "विमानतळ आमच्या दारात आलाय आणि मला आता कुठं जायचंच नाहीये," म्हणायचा. शेवटचा आला त्या रविवारी मी दार उघडलं, नेहमीप्रमाणे म्हटलं, "ये, बस." आणि तो आत आला. चपला काढल्या, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि खिडकीपाशी वेताची खुर्ची आहे तिच्यात बसला. प्रकाशनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" तो नुसता हसला. काही सांगायला आला नव्हता. पोहे खाल्ले, खिडकीबाहेरच्या बदामाच्या झाडाकडे बघत राहिला. एकदा म्हणाला, "बरी आहे गं खुर्ची." निघताना मी जिन्यापर्यंत गेले. मला फार बरं वाटलं होतं, की चला, एकदाचा माझ्या घरात बसला हा माणूस. मंगळवारी मनवा आली.

गावच्या घरी दहाव्यापर्यंत लोक येत होते. कुठून कुठून. हैदराबादहून एक जण विमानाने येऊन तासाभरात परत गेला. अंगणात ताडपत्री बांधली होती आणि दामूबाबा दाराशी लाकडी बाकावर बसून होते. दृष्टी अधू झालेली, पण प्रत्येक नव्या माणसाचा हात धरायचे आणि एकच विचारायचे, "माजा हरेश तुमचा काय काम करी?" पोराच्या मरणानंतरही तो प्रश्न सुटलेला नव्हता. लोक गोंधळायचे. कुणी म्हणे, मार्गदर्शन करायचे. कुणी म्हणे, स्ट्रॅटेजी. एकाने तर डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन सांगितलं. बाबा मान हलवायचे आणि हात सोडून द्यायचे. मला माहीत होतं काय सांगायचं ते, पण हरेशने सांगितलं नव्हतं ते मी कसं सांगू, या विचाराने मी भिंतीला टेकून गप्प उभी होते.

तेवढ्यात सुलभाताई आल्या. निवृत्त झाल्यात आता, पायाने लंगडतात. बाबांनी त्यांचाही हात धरला, तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "बाबा, तुमचा मुलगा माझ्याकडे नारळ घेऊन आला होता."

"नारल? कशापायी?"

"आमच्या गोदामातली पद्धत बदलणार होती. मला न विचारता सगळ्यांना कळवलं म्हणून मी रागावले होते. तो आला, चूक झाली म्हणाला. एवढ्या मोठ्या कंपनीचा साहेब... माझ्या नोकरीत असं दुसरं कुणी आलं नाही हो."

दामूबाबांनी त्यांचा हात सोडला नाही. जरा पुढे वाकले आणि विचारलं, "बसला व्हता का?"

"नाही. मी बसा म्हटलं. पण उभाच राहिला. अजून पुढे सांगायला जायचंय म्हणाला."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मग आत रेखा, हरेशची बायको, बसली होती तिला हाक मारून म्हणाले, "रेखा, आयकलंस का? आवतान देई त्यो. माजाच काम करी..." आणि माझ्याकडे वळून, जणू मी हरेशच होते अशा आवाजात म्हणाले, "मंग मना बोललास का नाय रं? मी काय रागावलू असतू?" आत रेखा आणि अंगणात आम्ही दोघी, तिघी एकदमच रडलो. तिथून निघाले तेव्हा बाबा पुढच्या माणसाला प्रश्न विचारत नव्हते. तेच सांगत होते, की माझा पोरगा आवतण द्यायचा, मोठमोठ्या घरांना, आणि बसायचा नाही.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे रंगारी आला. प्रकाशनी कधीचं ठरवून ठेवलेलं काम. बाहेरच्या दाराची चौकट घासायला त्याने कागद काढला, तेव्हा मी म्हटलं, "तेवढा डाग राहू दे." तो म्हणाला, "ताई, नवीन रंगात घाण दिसेल." मी म्हटलं, "दिसू दे." प्रकाश आतून बाहेर आले, डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रंगाऱ्याला म्हणाले, "ते ऑफिस आहे एकाचं. सोड तेवढं." पांढऱ्याशुभ्र चौकटीवर खांद्याच्या उंचीला तो डाग आता पूर्वीपेक्षा जास्तच दिसतो. येणारे जाणारे विचारतात, मी सांगत नाही.

वेताची खुर्ची खिडकीपाशीच आहे. तिच्यात बसावंसं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर तिचा मला थोडा रागही येतो. इतकी वर्षं मी त्याला बस म्हणत आले आणि त्याने ऐकलं ते एकदाच. रविवारी सकाळी मी अजून चहा जरा जास्तीचा टाकते. भाजीवाल्यांची गडबड खाली सुरू असते, जिन्यात कुणाची तरी पावलं वाजतात, वरच्या मजल्यावर निघून जातात. दार मी उघडंच ठेवते. ये रे हरेश... नको बसूस.